खर्ज लावताना

प्रस्तावना

दोन पावसाळ्यांपूर्वी एक मुलगा आपली बेस गिटार पाठीला लावून माझ्याकडे आला. कॉलेजच्या बँडमध्ये वाजवणारा, हात चांगला तयार झालेला. "काका, ट्यूनर हिरवा दिवा दाखवतो आणि कीबोर्डवाला म्हणतो तू बेसूर आहेस. दोघांतलं खोटं कोण बोलतंय?" मी वायर जोडून मोकळ्या तारा छेडल्या. चारही बिनचूक होत्या. मग बाराव्या पडद्यावर तार दाबली आणि ट्यूनरचा काटा उजवीकडे सरकला. ई च्या जाड तारेवर तर चांगला वीसेक सेंट, म्हणजे एका पडद्याच्या अंतराचा पाचवा हिस्सा. खोटे कोणीच बोलत नव्हते. ट्यूनर मोकळ्या तारेबद्दल सांगत होता आणि कीबोर्डवाला दाबलेल्या तारेबद्दल.

तारा तीन वर्षांच्या होत्या, घामाने काळ्या पडलेल्या. पावसाळी हवेने दांडा झुकला होता. टोनचा नॉब त्याने पूर्ण बंद ठेवला होता, कारण बेस 'गोल' वाजला पाहिजे असे त्याला कोणीतरी सांगितले होते. त्यामुळे आपण कुठे चढतो आहोत हे त्याच्या स्वतःच्या कानांपर्यंत पोचतच नव्हते. त्या दुपारी आम्ही चार तास बसलो. निघताना तो म्हणाला, "हे सगळं क्रमाने लिहून द्याल का?" चार पाने होतील असे वाटले होते, त्यांचे हे पुस्तक झाले.

मला यात मुळात एकच गोष्ट सांगायची आहे. बेस सुरात लावणे आणि बेसचा टोन घडवणे ही दोन वेगळी कामे नाहीत. बहुतेक वादक पहिले काम ट्यूनरवर सोपवतात आणि दुसरे अ‍ॅम्पवर, आणि दोन्हींच्या मध्ये जी गिटार असते तिच्याकडे पाहायचे राहून जाते. खर्जाचा सूर कानाला कळतो तो त्याच्या वरच्या स्वरांमधून. ते वरचे स्वर मेले असतील, वाकडे असतील किंवा नॉबने गाडून टाकलेले असतील, तर तार कितीही काटेकोर लावली तरी ऐकणाऱ्याला ती सुरात वाटत नाही.

हे जरा सावकाश पाहू. ई ची मोकळी तार सेकंदाला सुमारे ४१.२ वेळा कंप पावते, ए ची ५५ वेळा, डी ची ७३.४ आणि जी ची ९८ वेळा. पाच तारांच्या बेसवरची खालची बी तार तर ३०.९ च्या आसपास असते. कानाची हद्द जिथे सुरू होते तिथलीच ही वस्ती आहे, आणि त्या भागात आपला कान मंद असतो. पण तार एकाच गतीने हलत नाही. ४१ च्या बरोबर ८२, १२४, १६५, २०६ असे दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंप तिच्यात एकाच वेळी चालू असतात. कान या वरच्या पायऱ्यांमधले अंतर ओळखतो आणि त्यावरून सर्वांत खालची पायरी कोणती हे ठरवतो. ती पायरी प्रत्यक्ष ऐकू आली नाही तरी त्याचे अडत नाही. फोनच्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ जवळजवळ निघतच नाही, तरी गाण्यातली बेसची चाल आपल्याला कळते ती यामुळेच. राहुलदेव बर्मन यांच्या वादकवृंदात टोनी वाझ बेस वाजवत. ती गाणी आपल्याकडे कित्येक घरांत तळहाताएवढ्या स्पीकरच्या ट्रान्झिस्टरवर ऐकली गेली, आणि तरीही त्यांतला बेस लोकांच्या कानांत बसला. त्या स्पीकरमधून जे बाहेर आले ते बहुतांशी वरचे स्वर होते.

तंबोऱ्यापाशी बसलेल्या माणसाला यात नवे काही वाटणार नाही. खर्जाची तार नीट लागली आणि जवारी उघडली की तिच्यातून गांधार ऐकू येऊ लागतो. त्याला आपण स्वयंभू गांधार म्हणतो, कारण तो कोणी लावलेला नसतो. तारेचा पाचवा कंप म्हणजेच तो गांधार. माझी आई तंबोरा लावताना खर्जाच्या तारेकडे शेवटी वळायची आणि गांधार स्वच्छ होईपर्यंत मणका इकडेतिकडे सरकवत राहायची. तेव्हा मला वाटे की ती फक्त सूर लावते आहे. बेस हाती आल्यावर कित्येक वर्षांनी ध्यानात आले की सूर आणि नाद ती एकाच हालचालीत लावत होती, आणि दोन्हींची खूण एकच होती.

वाद्याच्या इतिहासात मी फार शिरलेलो नाही, पण एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९५१ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर यांनी आपला पहिला बेस बाजारात आणला आणि त्याचे नाव ठेवले 'प्रिसिजन', म्हणजे अचूक. त्याआधी सिएटलच्या पॉल टटमार्क यांनी १९३० च्या दशकात पडद्यांचा विजेवरचा बेस केला होता, पण तो पसरला नाही. वादकांच्या हाती असे तो माणसाहून उंच, पडदे नसलेला डबल बेस. त्यावर स्वराची जागा बोटाला सापडायला वर्षे लागत. फेंडर यांनी ३४ इंच लांबीची तार ताणून तिच्याखाली पडदे बसवले, आणि स्वर कुठे आहे याची जबाबदारी बोटावरून लाकडावर आणि धातूवर गेली. मात्र सुरुवातीच्या त्या बेसच्या घोडीवर चार तारांना मिळून दोनच सॅडल, म्हणजे तार टेकवणारे सरकते तुकडे, होते. एक तार अचूक करावी तर तिची जोडीदार बिघडे. १९५७ च्या फेरबदलात प्रत्येक तारेला आपला सॅडल मिळाला. नावात दिलेला शब्द खऱ्या अर्थाने पाळला गेला तो तेव्हा, आणि तोही अर्धाच. कारण सॅडल दिला म्हणजे तो लावला असे होत नाही. ते काम ज्याच्या हाती गिटार आहे त्याचे.

पुस्तकातला क्रम मी हट्टाने ठरवला आहे आणि वाचकाने तो मोडू नये अशी माझी विनंती आहे. आधी तार, मग दांडा, मग तारांची उंची, आणि सॅडल सर्वांत शेवटी. प्रत्येक पायरी पुढच्या पायरीचे माप बदलते. उलट्या क्रमाने गेलात तर दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

दांड्यावरचे प्रकरण सर्वांत लांब झाले, ते मुद्दाम. ४५ ते १०५ जाडीच्या नेहमीच्या चार तारा मिळून दांड्याला पाऊणशे किलोंच्या घरात ओढत असतात. त्या ओढीला तोलून धरायला दांड्याच्या पोटात पोलादी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. पहिल्या पडद्यावर कॅपो लावा, शेवटच्या पडद्यावर तार दाबा आणि सातव्या-आठव्या पडद्यापाशी तारेखाली किती फट राहते ते पाहा. ०.३ मिलिमीटरच्या आसपास असावी, साधारण एका व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी. फट वाढली की तारा वर जातात, तार दाबताना जास्त ताणली जाते आणि स्वर चढतो. फट नाहीशी झाली की पहिल्या काही पडद्यांवर तार खरखरते. मुंबईत आणि कोकणात हे माप वर्षभर एक राहत नाही. मेच्या उन्हात लावलेला दांडा जुलैत वेगळाच निघतो. कोणत्या बाजूला झुकेल हे त्या लाकडावर, त्याच्या कापावर आणि पॉलिशवर ठरते, म्हणून कोणाचे ऐकून फिरवू नका, स्वतः मोजा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि मग गिटारला थोडा वेळ द्या. एका कार्यक्रमाच्या आदल्या रात्री मी घाईने पूर्ण फेरा दिला होता. रॉडच्या टोकाचे आटे गेले. तो दांडा पुन्हा कधी उभा राहिला नाही, आणि तो मला फार आवडणारा दांडा होता. ते प्रकरण लिहिताना ती रात्र सतत समोर होती.

उंचीचे फारसे सांगण्यासारखे नाही. सतराव्या पडद्यापाशी खर्जाच्या बाजूला अडीच मिलिमीटरच्या जरा आत आणि जी च्या बाजूला दोनच्या आसपास, इथून सुरुवात करा आणि आपल्या हाताच्या जोराप्रमाणे बदला.

सॅडल लावण्याची कल्पना सोपी आहे. बारावा पडदा तारेच्या मध्यावर, म्हणजे नटपासून १७ इंचांवर असतो. मग घोडीही पुढे बरोबर १७ इंचांवर हवी, असे कागदावरचे गणित सांगते. पण तार पडद्यावर दाबली की ती किंचित ताणली जाते. शिवाय जाड तार ही काही आदर्श दोरी नसते. तिच्यात कडकपणा असतो आणि टोकांपाशी ती वाकायला तयार नसते, त्यामुळे तिची कंप पावणारी लांबी मोजलेल्या लांबीपेक्षा कमी पडते. दोन्ही कारणांनी स्वर चढतो. म्हणून सॅडल मागे घ्यावा लागतो, आणि तार जितकी जाड तितका जास्त मागे. नीट लावलेल्या बेसकडे वरून पाहिले तर चार सॅडल एका रांगेत नसतात, ई च्या दिशेने तिरके मागे गेलेले दिसतात. बाराव्या पडद्यावर बोट नुसते टेकवून निघणारा हार्मोनिक आणि तिथेच तार दाबून निघणारा स्वर एक झाले पाहिजेत. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे. दर वेळी मोकळी तार पुन्हा सुरात आणायला विसरू नका.

इथेच जुन्या तारांचा प्रश्न येतो. घाम आणि मळ वेटोळ्यांत सगळीकडे सारखा बसत नाही, आणि पडदे तारेच्या पोटाला खाचा पाडतात. तारेचे वजन जागोजागी वेगळे झाले की तिचे वरचे कंप दुप्पट-तिप्पटच्या शिस्तीत राहत नाहीत. अशा तारेवर कान पायऱ्या मोजू पाहतो आणि पायऱ्या असमान निघतात. सॅडल कुठेही न्या, ती तार बरोबर लागत नाही. पुष्कळ वादक तासन्‌तास घोडीशी झगडतात, तेव्हा दोष तारेत असतो.

आता एक इशारा, खास आपल्याकडच्या कानांसाठी. बेसच्या तारा एकमेकींपासून चार-चार स्वरांवर लागतात. ई ला षड्ज मानले तर ए तिचा मध्यम, ए ला षड्ज मानले तर डी तिचा मध्यम, आणि जी डी चा. हार्मोनिकने लावण्याची एक जुनी पद्धत सर्वांना ठाऊक असते. खालच्या तारेच्या पाचव्या पडद्यावरचा हार्मोनिक आणि वरच्या तारेच्या सातव्या पडद्यावरचा हार्मोनिक एकत्र वाजवायचे आणि त्यांच्यातले हेलकावे थांबेपर्यंत खुंटी फिरवायची. तंबोऱ्यावर वाढलेल्या माणसाला हेलकावा सहन होत नाही, तो त्याला पूर्ण मारतो. त्याचा कान चुकत नाही, त्याने लावलेला मध्यम शुद्ध असतो. पण बेसचे पडदे आणि कीबोर्ड शुद्ध मध्यमावर बांधलेले नाहीत. तिथे सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, आणि तो मध्यम शुद्ध मध्यमापेक्षा दोन सेंटनी मोठा असतो. तीन वेळा दोन-दोन सेंट सुटले की ई आणि जी यांच्यातले अंतर सहा सेंटनी आक्रसते. पेटी आणि तंबोरा यांचे जे जुने भांडण आपल्या मैफिलींना ठाऊक आहे, तेच इथे चार तारांच्या आत उभे राहते.

हार्मोनिकची पद्धत टाकून द्या असे मी म्हणत नाही. मला ती आवडते, कारण ती कानाला ऐकायला लावते. फक्त हेलकावा संपूर्ण मारू नका. ई-ए या जोडीत तो पाच सेकंदांतून एकदा यावा, ए-डी मध्ये चार सेकंदांतून एकदा, डी-जी मध्ये तीन सेकंदांतून एकदा, आणि प्रत्येक जोडीत वरच्या तारेचा हार्मोनिक तेवढाच केसभर चढा असावा. इतका मंद हेलकावा ऐकण्यासाठी खोली शांत हवी आणि मनही. तेवढा वेळ नसेल तर सरळ ट्यूनर वापरा, पण तोही समजून. फोनच्या मायक्रोफोनला ४१ हर्ट्झ नीट पकडता येत नाही. वायर जोडा, किंवा बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक वाजवून ८२ दाखवा. स्वर नेहमी खालून वर आणा, म्हणजे खुंटीच्या दात्यांतली ढील निघून जाते. आणि घरी हळुवार छेडून लावलेली तार स्टेजवर जोरात वाजवली की आघाताच्या क्षणी चढी ऐकू येते, म्हणून ज्या जोराने वाजवणार त्याच जोराने लावा.

टोनचा भाग या पुस्तकात दुसऱ्या अर्ध्यात येतो, पण वर जे सांगितले त्याचाच तो विस्तार आहे. किती वरचे स्वर ठेवायचे आणि कोणते, एवढाच तिथला प्रश्न. त्याची उत्तरे मोठ्या वादकांनी एकमेकांच्या अगदी विरुद्ध दिली आहेत. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत जेम्स जेमरसन यांच्या १९६२ च्या प्रिसिजनवर जाड, सपाट गुंडाळीच्या तारा असत, घोडीपाशी फोम दाबलेला असे, तारा उंच असत आणि उजव्या हाताचे एकच बोट वाजवी. तुटल्याशिवाय ते तारा बदलत नसत असे सांगितले जाते. जुन्या तारांबद्दल मी वर जे लिहिले त्याच्या हे उलट जाते हे मला दिसते. पण सपाट तारेवर वेटोळ्यांच्या खाचा नसतात, ती गोल गुंडाळीच्या तारेइतकी लवकर बिघडत नाही. शिवाय फोमने नाद लगेच तुटतो, आणि तुटलेल्या नादातल्या चुका कानाला मोजायला वेळ मिळत नाही. इंग्लंडमध्ये 'द हू'चे जॉन एंटविसल यांना याच्या अगदी दुसऱ्या टोकाचा, पियानोच्या तारेसारखा झळझळीत नाद हवा होता. १९६० च्या दशकात रोटोसाउंडच्या गोल गुंडाळीच्या तारा घडल्या त्या त्यांच्या सहभागाने. जॅको पास्टोरियस यांनी तर आपल्या जॅझ बेसचे पडदेच काढले, लाकडावर इपॉक्सी चढवले आणि घोडीजवळच्या पिकअपवर भर दिला. १९७६ च्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये पडदे नसलेला बेस जो गातो तो त्या मागच्या पिकअपमुळे. घोडीजवळ तारेची हालचाल लहान असते आणि तिथे वरच्या स्वरांचा वाटा जास्त असतो. कान त्यांच्यावरून सूर ओळखतो, आणि पडदे नसलेल्या वाद्यात सूर ओळखू येणे हेच सर्वस्व.

म्हणून नॉब फिरवण्याआधी बोट कुठे पडते ते पाहा. दांड्याच्या टोकापासून घोडीपर्यंत बोट सरकवत एकच स्वर वाजवा. जेवढा फरक तिथे ऐकू येतो तेवढा पुष्कळदा अ‍ॅम्पच्या सगळ्या नॉबांनी मिळूनही पडत नाही. साध्या, बॅटरी नसलेल्या बेसवरचा टोन नॉब काही वाढवत नाही. तो वरचे स्वर एका कपॅसिटरमधून जमिनीकडे सोडून देतो, फिरवाल तितके जास्त. एकदा गेलेले ते स्वर अ‍ॅम्पवर ट्रेबल वाढवून परत येत नाहीत, येते ती सळसळ. १९७६ च्या म्यूझिक मॅन स्टिंगरेपासून बॅटरीवरचे प्रीअ‍ॅम्प रूढ झाले. त्यांत वाढवताही येते, पण वायर खोचून ठेवली की बॅटरी उतरत राहते, एवढे लक्षात असू द्या. पिकअप तारेच्या फार जवळ आणण्याचा मोहही आवरा. आवाज मोठा होतो खरा, पण चुंबक तारेला ओढू लागतो आणि वरच्या पडद्यांवर स्वर थरथरतो, एकाऐवजी दोन ऐकू येतात. शेवटच्या पडद्यावर तार दाबून खर्जाच्या बाजूला तीन मिलिमीटर अंतर ठेवा. पुन्हा तेच, टोनसाठी फिरवलेला स्क्रू सूर बिघडवतो.

खरखरीबद्दल माझे मत अनेकांना पटणार नाही. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीला कानसून जी जवारी काढतात, ती म्हणजे तार आणि घोडी यांच्यातला जपून घडवलेला स्पर्शच आहे. तिथे तो नादाचा प्राण, आणि बेसवर मात्र तार पडद्याला जराशी लागली की आपण दोष समजून तारा उंच करतो. जोरात वाजवताना तार पडद्याला क्षणभर शिवते तेव्हा वरच्या स्वरांची एक ठिणगी उडते, आणि गर्दीच्या वादनात बेस ऐकू येतो तो अनेकदा तेवढ्याने. अ‍ॅम्पमधून ऐका, नुसत्या लाकडावर कान ठेवून नव्हे. अ‍ॅम्पमधून स्वर दबत नसेल तर ती खरखर राहू द्या.

पहिले प्रकरण तारा बदलण्याचे आहे. गिटार मांडीवर घेऊनच वाचा. चारही तारा एकदम काढू नका, एक काढा, एक लावा, म्हणजे दांड्यावरची ओढ तुटणार नाही. आणि जुनी ई ची तार लगेच टाकून देऊ नका. तिच्या पोटावरून नख हळूच ओढत न्या. पहिल्या पडद्याची खाच लागेल, मग दुसऱ्याची, तिसऱ्याची, आणि तुम्ही सर्वांत जास्त कुठे वाजवता ते नखाला कळेल.